वेस्टर्न ब्लॉट: दिसलेला बँड आपल्याच प्रोटीनचा आहे हे कसं ठरवावं

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर उतरवायची (ट्रान्सफर) आणि हवं ते प्रोटीन अँटीबॉडीने शोधायचं; ते जिथे सापडतं तिथे बँड दिसतो. जेल चालवणं आणि ट्रान्सफर तुम्हाला जमतं असं धरून लिहितेय. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात, त्यांना आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, 'बरोबर वजनाला बँड आला की झालं.' या सल्ल्याने माझे चार महिने गेले आहेत.

अँटीबॉडीची नवी व्हायल उघडण्याआधी क्षणभर स्पिन करा, छोटे भाग करून उणे २० अंशांना ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज नको, त्यात तापमान सतत वरखाली होतं. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर द्रावण उणे २० ला गोठतच नाही, भाग करायची गरज नाही.

ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन पाँसोने (सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग) रंगवून फोटो काढा आणि धुऊन टाका. मग टीबीएसटीत (डिटर्जंट घातलेलं मिठाचं बफर) ५ टक्के दूध पावडर घालून तासभर ब्लॉकिंग, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागी अँटीबॉडी चिकटत नाही. फॉस्फो-अँटीबॉडी (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन ओळखणारी) असेल तर मी दुधाऐवजी बीएसएच (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरते, कारण दुधातलं केसीन स्वतः फॉस्फोप्रोटीन आहे.

आता प्रायमरी, म्हणजे आपल्या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी; तिला चिकटून बँड दाखवणारी दुसरी ती सेकंडरी. इथे घाई करू नका.

मी उंदराच्या प्लीहेत पी-५३ हे प्रोटीन शोधत होते. हाताशी डीओ-१ हा अँटीबॉडीचा क्लोन होता, उंदरात बनवलेला. पन्नासच्या आसपास ठसठशीत बँड यायचा, पी-५३ साधारण ५३ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दिसतं, म्हणून मी निर्धास्त. शेवटी एका पट्टीवर प्रायमरी न घालता फक्त सेकंडरी घातली. बँड तसाच! प्लीहेत उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी भरपूर असतात. त्यांची जड साखळी ५० किलोडाल्टनची, हलकी २५ ची, आणि उंदराविरुद्धची सेकंडरी थेट त्यांनाच चिकटत होती. डीओ-१ तर माणसाचं पी-५३ ओळखतो, उंदराचं नाही. डेटाशीटवर प्राण्यांची यादी होती, मी ती वाचली नव्हती.

तेव्हापासून कुठलीही अँटीबॉडी लॅबमध्ये आली की पहिला ब्लॉट नमुन्याचा नाही, अँटीबॉडीचा. एका लेनमध्ये ते प्रोटीन मुळीच नसलेल्या पेशी: माणसाच्या पी-५३ साठी एच-१२९९, त्यांच्यात ते बनतच नाही. शेजारी पी-५३ बनवणाऱ्या एमसीएफ-७ पेशी साध्या, त्यांच्या शेजारी डॉक्सोरुबिसिन दिलेल्या. डीएनएला इजा झाली की पी-५३ चं विघटन थांबतं आणि साठा वाढतो, म्हणजे बँड गडद व्हायलाच हवा. एच-१२९९ च्या लेनमध्ये त्याच उंचीवर काही दिसलं तर ती अँटीबॉडी बाजूला ठेवा, किंमत कितीही असो. तुमच्या प्रोटीनसाठी अशा पेशी मिळत नसतील तर नॉकआउट करा (त्याचा जीन बंद पाडा), निदान एसआयआरएनएने (ते प्रोटीन बनू न देणारे आरएनएचे छोटे तुकडे) पातळी खाली आणा. आणि फक्त सेकंडरीची पट्टी दर वेळी, न चुकता. बीटा-अ‍ॅक्टिनचा ४२ चा बँड प्रत्येक लेनमध्ये किती प्रोटीन गेलं एवढंच सांगतो. अँटीबॉडी खरी आहे की नाही हे तो सांगत नाही, तरी लोक तो पुरावा म्हणून दाखवतात.

डायल्युशनचं, म्हणजे अँटीबॉडी किती पातळ करायची याचंही तेच. बाटलीवरचं १:१००० ही सुरुवात समजा. मेम्ब्रेन कापून १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० लावा. सर्वांत गडद पट्टी निवडू नका. प्रोटीन असलेल्या आणि नसलेल्या लेनमधला फरक जिथे सर्वांत जास्त, ते डायल्युशन तुमचं. रात्रभर ४ अंशांना, हलत्या रॉकरवर. पावसाळ्यात रात्री वीज जाऊन रॉकर थांबला तर मेम्ब्रेनवर कोरडे डाग पडतात, म्हणून द्रावण सढळ हाताने घ्या.

सकाळी टीबीएसटीने दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश, सेकंडरी १:१०,००० ने एक तास, पुन्हा तीन वॉश. सेकंडरीला एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) जोडलेलं असेल तर कुठल्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीला निकामी करतं. एक्सपोजर कमी-जास्त वेळाचे घ्या. पांढुरका, जळलेला बँड मोजता येत नाही.

वहीत क्लोनचं नाव आणि लॉट नंबर लिहा. पॉलीक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) असेल तर नवा लॉट म्हणजे जवळजवळ नवी अँटीबॉडीच. जुना संपायच्या आधी मागवा आणि दोन्ही लॉट एकाच दिवशी, एकाच लायसेटवर (पेशी फोडून काढलेला अर्क), त्याच एच-१२९९ च्या लेनसकट चालवून बघा.