औषधाचा क्लेम नाकारला? मग या चुका टाळा

आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि दुपारपर्यंत ती घरी आली. काही दिवसांनी आरोग्य विमा कंपनीचा मेल आला: २४ तासांचं ऍडमिशन नाही, ओपीडी उपचार, क्लेम नामंजूर. आम्ही तो वाचला आणि नशिबाला दोष देत बसलो. पहिली चूक तीच. नकाराचं पत्र आलं म्हणजे विषय संपला, असं धरूनच चालायचं नाही.

पत्रात कारण काय दिलंय ते शब्दन् शब्द वाचा, आणि पॉलिसीच्या पुस्तिकेतलं ते कलम काढून शेजारी ठेवा. कलमाचा उल्लेखच नसेल तर तो लेखी मागा. २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे कलम न दाखवता आणि कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणाऱ्या संस्थेच्या, हेल्पलाइनवर रोज फोन करून काहीच हाती लागत नाही. निर्णय विमा कंपनीचा असतो, त्यामुळे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाच मेल करा.

आमच्या बाबतीत कलमापेक्षा जड गेलं ते डिस्चार्ज कार्ड. इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये दिलं होतं, पण कार्डावर कुणीतरी घाईत ‘ओपीडी’ लिहिलं होतं. हॉस्पिटलमध्ये जाऊन ते दुरुस्त करून घेतलं: डे केअर (२४ तास न थांबताही विम्यात बसणारा उपचार), थिएटरमध्ये नेल्याची वेळ, सोडल्याची वेळ. जे घडलं तेच लिहून घ्यायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही. खोटा कागद सापडला तर खरा क्लेमही बुडतो.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी दिली आणि हे उपचार पॉलिसीतून वगळायचे नाहीत असं बजावलं. डोळ्यातली ही इंजेक्शनं त्यात आहेत. कॅन्सरवरच्या केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपीची इंजेक्शनंही आहेत. कंपनी रकमेला मर्यादा घालू शकते, म्हणून सब-लिमिट आधी बघा. कंपनीकडच्या तक्रारीत या यादीचा उल्लेख आवर्जून करा, बहुतेक लोक तो करतच नाहीत.

डॉक्टरांचं पत्र घेतानाही घाई नडते. ‘पेशंटला इंजेक्शनची गरज आहे’ एवढ्या एका ओळीने कुणाचं समाधान होत नाही. निदान, स्कॅनची तारीख, तेव्हाची नजर, आधी काय करून पाहिलं, हेच औषध का, थांबलो तर काय होईल, हे सगळं त्यात हवं. आणि पत्राने नकाराच्या कारणालाच उत्तर द्यायला हवं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला, असाही गैरसमज असतो. बिल भरून नंतर मुदतीत रीइम्बर्समेंट मागता येतं. मात्र बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांसाठी भांडण्यात अर्थ नाही. पॉलिसीत ओपीडी कव्हर नसेल, तर ऍडमिशनच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतलीच बिलं मिळतात, बऱ्याच पॉलिसींत ३० आणि ६० दिवसांची.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा नकारच दिला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, गोव्याच्या तक्रारी मुंबईकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षभरातच अर्ज करावा लागतो. ‘बघू, दिवाळीनंतर करू’ म्हणत ते वर्ष घालवू नका. दरम्यान कंपनीने थोडी रक्कम देऊ केली आणि कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेलं असेल, तर तिथे सही करू नका.

या लढ्यापायी पुढचा डोस मात्र लांबवू नका. आईचं दुसरं इंजेक्शन आम्ही ठरल्या तारखेलाच दिलं. त्या वेळी बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर सिस्टरकडून मागून घेतलं आणि तिथेच बिलाला चिकटवलं.