कारखान्याच्या आधुनिकीकरणासाठी परदेशी सरकारी निधीतून कर्ज कसे मिळवावे

जपान किंवा जर्मनीचे सरकार नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या लहान कारखान्याच्या खात्यात थेट पैसे जमा करीत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. जपानची जायका, जर्मनीची केएफडब्ल्यू, फ्रान्सची एएफडी या सरकारी संस्था भारतातील वित्तसंस्थेला दीर्घ मुदतीचा निधी देतात आणि ती संस्था त्यातून उद्योजकांना रुपयांत कर्ज देते. २००८ मध्ये जायकाने लघुउद्योगांतील ऊर्जाबचतीसाठी सिडबीला (भारतीय लघुउद्योग विकास बँकेला) ३,००० कोटी येन दिले, ते याच पद्धतीने. कर्ज रुपयांत असल्यामुळे येन महागला म्हणून तुमचा हप्ता वाढत नाही. परंतु चलनाची जोखीम सांभाळण्याचा खर्च आणि मधल्या संस्थेचा वाटा व्याजात धरलेला असतो, म्हणून मूळ परदेशी दरच आपल्याला मिळेल, असे गृहीत धरू नये.

असा निधी ठरावीक मुदतीचा आणि ठरावीक हेतूचा असतो. सध्या कोणती योजना खुली आहे आणि तिच्यात कोणती यंत्रे बसतात, हे सिडबीच्या नागपूर शाखेत किंवा आपल्या बँकेत लेखी विचारावे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, हीही तपासावी. १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीसाठी १२५ कोटी आणि उलाढालीसाठी ५०० कोटी रुपये झाली आहे, त्यामुळे पूर्वी बाहेर पडलेले काही कारखाने आता पुन्हा पात्र ठरतात.

माझ्या मते सर्वाधिक मेहनत ऊर्जा लेखापरीक्षणावर घ्यावी, कारण निधी देणाऱ्याला नव्या यंत्राच्या चकाकीपेक्षा बचतीचा पुरावा हवा असतो. किमान एका वर्षाची महावितरणची बिले, कोळसा किंवा फर्नेस ऑइलची खरेदी आणि दरमहाचे उत्पादन समोर ठेवून, एक टन मालामागे किती ऊर्जा लागते, ते प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून काढून घ्यावे. समजा, हिंगण्यातील एका कारखान्यात जुना कॉम्प्रेसर बदलल्याने ८ किलोवॉट भार कमी होणार असेल आणि तो वर्षाला ६,००० तास चालत असेल, तर ४८,००० युनिट वाचतील. युनिटमागे ९ रुपये धरल्यास वार्षिक बचत ४ लाख ३२ हजार रुपये होते आणि ९ लाखांचे यंत्र साधारण पंचवीस महिन्यांत आपली किंमत भरून काढते. हा हिशेब प्रकल्प अहवालाच्या पहिल्याच पानावर असावा.

त्यानंतर तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी विवरणपत्रे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, एमआयडीसीच्या भूखंडाची कागदपत्रे आणि यंत्राची कोटेशने जोडावीत. मंजुरीपत्र हाती येण्यापूर्वी यंत्राची ऑर्डर देऊ नये; आधीच केलेल्या खरेदीवर कर्ज नाकारले जाण्याचा धोका असतो. यंत्र परदेशातून आणून त्याचे पैसे युरोत चुकवायचे असतील, तर कर्ज रुपयांत असूनही तेवढ्या रकमेपुरती विनिमयाची जोखीम तुमचीच राहते. बँकेशी बोलून विनिमयाचा दर आधीच ठरवून घ्यावा, म्हणजे ती झाकली जाईल. तारण अपुरे असल्यास सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसई या पतहमी न्यासाची हमी १० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला मिळू शकते, याची बँकेला आठवण करून द्यावी.

'परदेशी कर्ज मिळवून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. अहवालाबाबत अडचण असल्यास नागपुरातील सेमिनरी हिल्सवरील केंद्रीय एमएसएमई कार्यालयात मार्गदर्शन मागावे. यंत्र बसल्यावर पहिल्या महिन्यापासून वेगळे वीजमीटर लावून नोंदी ठेवाव्यात, कारण प्रत्यक्ष बचतीचा तपशील वित्तसंस्था पुढेही मागू शकते.