मुलाला बेलार्मिनमध्ये घालताना: प्रवेश, खेळ आणि इतर व्यवधानं

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात नव्याने आलेल्या घरात मुलगा सातवी-आठवीत असला की बेलार्मिन कॉलेज प्रिपरेटरीचं नाव कानावर येतंच. नावात कॉलेज असलं तरी ही नववी ते बारावीची, फक्त मुलांची जेझुइट शाळा आहे. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट किंवा मुंबईचं सेंट झेवियर्स माहीत असेल तर शिस्तीचा बाज ओळखीचा वाटेल. खेळांचा पसारा मात्र थक्क करेल.

फादर जॉन नोबिली यांनी 1851 मध्ये सांता क्लारा मिशनच्या जागेत कॉलेज सुरू केलं, त्यातच या शाळेचं मूळ आहे. 1925 मध्ये शाळा सॅन होजेच्या कॉलेज पार्क भागात आली. कॉलेज ऑफ द पॅसिफिक स्टॉकटनला गेल्यामुळे तिथलं आवार रिकामं झालं होतं. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन यांचं नाव 1928 मध्ये मिळालं. इथे कॅथलिक नसलेली मुलंही भरपूर आहेत, पण धर्माचा तास आणि समाजसेवा सगळ्यांनाच असते. ‘आमच्या मुलाला त्यातून सूट मिळेल का’ हा प्रश्न मुलाखतीत विचारू नका. ते पटत नसेल तर इथली सरकारी हायस्कूलंही चांगली आहेत, आणि वर्षाची वीस हजार डॉलरहून जास्त फी वाचते.

प्रवेशाची तयारी आठवीच्या सुरुवातीलाच करावी लागते. सातवी-आठवीच्या गुणपत्रिका आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. मुलगा अजून भारतात शिकत असेल तर तिथल्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, ऐन दिवाळीच्या सुट्टीत कुणी सापडत नाही. परीक्षा एचएसपीटी, म्हणजे कॅथलिक हायस्कूलांची प्रवेश परीक्षा: पाच भाग, 298 प्रश्न, सुमारे अडीच तास. आपली मुलं गणितात सहसा अडत नाहीत, अडतात ती व्हर्बलमध्ये, म्हणजे शब्दांच्या भागात, कारण तिथे 60 प्रश्नांना जेमतेम 16 मिनिटं मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटात उरलेले सगळे गोल भरून टाकायचे.

लसीकरणाचं कार्ड आत्ताच तपासा. कॅलिफोर्नियात खासगी शाळेलाही सातव्या वाढदिवसानंतरचा टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) डोस आणि कांजिण्यांचे दोन डोस लागतात. भारतातल्या कार्डावर नेमके हेच राहिलेले असतात.

आता खेळ. शाळा वेस्ट कॅथलिक लीगमध्ये खेळते. सेरा, मिटी, सेंट फ्रान्सिस, सेंट इग्नेशियस असे तगडे प्रतिस्पर्धी असल्याने संघात जागा मिळवणं सोपं नाही. शरदात अमेरिकन फुटबॉल, वॉटर पोलो आणि क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या माळरानावरची लांब पल्ल्याची धाव. हिवाळ्यात बास्केटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), कुस्ती. वसंतात बेसबॉल, पोहणं, ट्रॅक, टेनिस, व्हॉलीबॉल. क्रिकेट राज्याच्या यादीतच नाही, ते क्लबात खेळायचं. बास्केटबॉल, बेसबॉलमध्ये निवडीच्या वेळी बरीच मुलं गळतात. नवख्याने क्रॉस-कंट्रीचा विचार करावा: उन्हाळ्यापासून पळायचा सराव केला तर मागचा अनुभव नसला तरी चालतं. इथल्या शाळांच्या सेंट्रल कोस्ट विभागाची अंतिम शर्यत बेलमाँटच्या क्रिस्टल स्प्रिंग्जला होते, 2.95 मैल, सगळी चढउताराची. सपाट रस्त्यावर सराव केलेला मुलगा तिथे पहिल्याच चढाला दम सोडतो.

पोहण्यात या शाळेचा दबदबा 1980 च्या दशकापासूनचा. विभागाचं विजेतेपद वर्षानुवर्षं इथेच राहिलं आहे. इथल्या शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, शिवाय वळणंही जास्त, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या 50 मीटर तलावातली वेळ प्रशिक्षकाला तशीच सांगू नका. इथल्या क्लबात यार्डांत वेळ घेऊन मगच सांगा. एका सामन्यात एका मुलाला जास्तीत जास्त चार शर्यती, त्यांतल्या वैयक्तिक फक्त दोन.

राज्यातल्या शालेय खेळांचं नियमन करणाऱ्या सीआयएफ या संस्थेचे नियम लक्षात ठेवा. गुणांची सरासरी (जीपीए, 4.0 पैकी) 2.0 च्या खाली गेली की खेळणं बंद. वैद्यकीय तपासणी दरवर्षी नवी, आणि ती सरावाआधी. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही, म्हणून जूनमध्येच उरका. सराव आठवड्याला 18 तासांच्या आत असतो, सामन्याचे तीन तास त्यातच धरतात. वणव्याच्या धुराने हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) 150 च्या वर गेला की बाहेरचा सराव रद्द, त्या दिवशी मुलाला आणायला लवकर जावं लागतं.

नववीत थेट आलेल्या मुलाला खेळण्याच्या पात्रतेची अडचण येत नाही. दहावी-अकरावीत दुसऱ्या शाळेतून आला तर मात्र सुमारे अर्धा हंगाम बाहेर बसावं लागू शकतं. पूर्ण कुटुंबानेच घर बदललं असेल तर सूट मिळते, पण घराच्या करारासह कागदपत्रं शाळेच्या क्रीडा संचालकांमार्फत जायला हवीत. हंगाम सुरू झाल्यावर धावपळ केली तर मंजुरी येईपर्यंत निम्मे सामने होऊन गेलेले असतात.

जाण्या-येण्यासाठी शाळेला लागूनच कॅलट्रेन या लोकल रेल्वेचं कॉलेज पार्क स्टेशन आहे. तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, त्याही शाळेच्या वेळा धरून. सरावानंतर उशीर झाला तर सॅन होजेच्या मुख्य डिरिडॉन स्टेशनपर्यंत कुणाची तरी गाडी लागतेच, म्हणून त्याच भागातल्या दोन-तीन घरांशी आधीच पाळ्या ठरवून घ्या.