कोरियन शिकायचंय? मग कुठल्या दारात काय मिळतं ते आधी बघा

कोरियन शिकायचं म्हटलं की पहिलं नाव कानावर येतं दिल्लीतल्या लाजपत नगरच्या कोरियन कल्चरल सेंटरचं. २०१२च्या डिसेंबरात सुरू झालेलं हे केंद्र कोरियाच्या संस्कृती मंत्रालयाचं आहे. देशोदेशी अशी केंद्रं उघडायची परंपरा १९७९मध्ये टोकियो आणि न्यूयॉर्कपासून सुरू झाली. दिल्लीच्या केंद्रात किंग सेजोंग इन्स्टिट्यूट या कोरियन भाषा शिकवणाऱ्या संस्थेचे वर्ग चालतात, तायक्वांदो शिकवतात, के-पॉप स्पर्धा होतात. मात्र नोकरीची किंवा व्हिसाची चौकशी तिथे करू नका. व्हिसा दूतावासाकडे. टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा आणि कोरियात शिकण्यासाठीची जीकेएस ही सरकारी शिष्यवृत्ती कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाच्या संस्थेकडे. आणि कोणी एजंट 'ईपीएसमधून कोरियात कारखान्यात लावतो' म्हणाला, तर सरळ उठून या. ईपीएस ही कोरियन सरकारची परदेशी कामगार घेण्याची योजना. तिच्यात नेपाळ, श्रीलंका आहेत, भारत नाही.

मी दिल्लीच्या या केंद्रातच शिकले आणि आता रांजणगावच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. मराठी माणसाला व्याकरण फार छळत नाही. क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय, मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलणं, सगळं अंगवळणीच असतं. लिपी आठवडाभरात येते. घाम काढतात ते उच्चार. चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांचे कोरियन शब्द आपल्या कानाला जवळजवळ एकच वाटतात. फरक फक्त पहिल्या व्यंजनात, श्वास किती सोडला आणि घसा किती आवळला यात. हे ऐकून ऐकूनच बसतं, आणि त्यासाठी वर्गात समोर कोरियन शिक्षक असणं हा केंद्राचा खरा फायदा. गाणी-मालिकांनी गोडी लागते, पण साहेबांशी त्या सलगीच्या भाषेत बोललात तर पंचाईत.

नोकरीसाठी टोपिक-२ द्याच. टोपिक-१मध्ये फक्त ऐकणं आणि वाचणं. दुसऱ्यात लेखनही आहे, शेवटचा निबंध ६०० ते ७०० अक्षरांचा, चौकटींच्या कागदावर. ३०० पैकी १२० गुणांना तिसरी पातळी, १५०ला चौथी. चौथीखाली दुभाष्याचं काम मागायला जाऊ नये, असं माझं मत. तरीही साचा, गळती, रिजेक्शन हे शब्द शॉपफ्लोअरवरच शिकावे लागतात. कुठल्याच वर्गात ते नसतात.

प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं, म्हणून अर्ज करायच्या बेतात असाल तेव्हाच परीक्षेला बसा.