लांब फटकेवाला घ्यावा का? वाद असा घाला

मेहरूणच्या चहाच्या टपरीवर आमच्या सॉफ्टबॉलच्या पोरांत बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवरून वाद पेटला, की मी आधी एवढंच विचारतो: भाऊ, बदल्यात कोण जातंय? होम रनचा, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यांचा, आकडा नंतर सांग.

डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने सॅन दिएगोच्या पाद्रेस संघाकडून हुआन सोटो हा डावखुरा फटकेबाज घेतला. २०२४ मध्ये त्याने ४१ होम रन मारले, संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, गेला आणि डॉजर्स संघाकडून हरला. पण सोटो हातात होता एकच हंगाम; नंतर तो मेट्स संघाकडे गेला. पाद्रेसना मात्र मायकेल किंगसारखा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मिळाला. म्हणून करार किती उरलाय, हे लगेच काढा.

मग वॉक बघा, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळवलेला पहिला बेस. नुसती बॅट घुमवून सारखा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होणारा मला नको. सोटोचे त्या हंगामात १२९ वॉक होते, स्ट्राइकआउट ११९. खरी ताकद ही! मैदानही विचारात घ्या: यांकी स्टेडियमचं उजवं टोक फलंदाजापासून फक्त ३१४ फुटांवर, डावखुऱ्या फलंदाजाच्या सोयीचं, कारण त्याचे जोरदार फटके बहुतेक तिकडेच जातात.

वय तिशीपार असेल तर तरुण पिचर देऊ नका. इथे मी हटत नाही.