नव्या ऑफिसचं केबलिंग: सीलिंग बंद होण्याआधीची तयारी

धुळ्या-जळगावात आता पतपेढीची छोटी शाखा काढायची म्हटली तरी पंधरा-वीस नेटवर्क पॉइंट, कॅमेरे आणि वायफायचे एक-दोन डबे लागतातच. केबल, आयओ (भिंतीवरचं नेटवर्क सॉकेट), पॅच पॅनल (सगळ्या केबली येऊन मिळतात ती पट्टी), रॅक (ही यंत्रं बसवायचं कपाट), नेटवर्क स्विच ही यादी कंत्राटदार स्वतःच देतो. त्यात एक वस्तू नसते, ती तुम्ही हाताने लिहा: नायलॉनची दोरी. प्रत्येक पाइपात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केबल ओढून झाल्यावरही आत राहणारी मोकळी दोरी. मागच्या कामात ती राहून गेली आणि एका वाढीव पॉइंटसाठी नवंकोरं पीओपी फोडावं लागलं.

आधी अंतरं मोजा. पॅच पॅनलपासून आयओपर्यंत 90 मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबली, धरून 100, ही मर्यादा. मोजायचं ते केबल जाईल त्या वाटेने: भिंतीवरची चढ-उतार आणि रॅकमधली गुंडाळी धरून. आपल्याकडे आणखी एक हिशेब लागतो, तो म्हणजे उन्हाचा. हे 90 मीटर 20 अंश तापमान धरून ठरवलेले आहेत. त्यापुढे 40 पर्यंत दर अंशामागे सिग्नलची घट 0.4 टक्क्याने वाढते, 40 नंतर 0.6 टक्क्याने. म्हणजे 60 अंशाला 90 मीटरचे 75 च उरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतच पारा 45 गाठतो, मग पत्र्याखालच्या बंद सीलिंगमध्ये काय होत असेल याचा विचार करा. वरच्या मजल्यावर 70 मीटरच्या आत राहा. बसत नसेल तर मध्ये दुसरा रॅक टाका.

केबल शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम बाजारात सर्रास मिळतं, स्वस्तही असतं. बंडल उचलून पाहा, हलकं लागतं. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत पाठवा. तिचा रोध जास्त असतो; कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की ती तापते आणि लांबच्या टोकाला वीज कमी पडते.

आता पाइप. आतली जागा 40 टक्क्यांच्या वर भरू नका. 30 मीटरच्या आत आणि दोन वळणांच्या आत केबल ओढायचा डबा ठेवा. काटकोनी एल्बो नको, गोल बेंड घ्या. आणि दोरी. पाइप अरुंद पडतोय म्हणून दोरी काढू देऊ नका, पाइप मोठा घ्यायला लावा. राखीव म्हणून टाकलेल्या रिकाम्या पाइपातही दोरी हवी, किंबहुना तिथे आधी हवी. मिस्त्री म्हणेल, "भाऊ, नंतर देखी लेसूत." नंतर काही होत नाही. केबलांनी भरलेल्या पाइपात केबल ओढायची स्प्रिंग घातली तर ती दुसऱ्या वळणावर अडते, किंवा चालू केबलचं आवरण सोलून काढते. दोन्ही टोकं डब्यात बांधून ठेवा, नाहीतर एक टोक आत सरकतं आणि दोरी असून नसल्यासारखी होते. पुढे कधी त्या दोरीने नवी केबल ओढाल तेव्हा केबलबरोबर नवी दोरीही बांधा, म्हणजे पाइप पुन्हा रिकामा राहणार नाही. सीलिंगची पाटी लागण्याआधी स्वतः शिडीवर चढून प्रत्येक दोरी इकडून तिकडे हलवून बघा. कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

विजेच्या वायरींबरोबर एका पाइपात डेटा केबल घालायची नाही, खर्च वाचतो असं कुणी सांगितलं तरी नाही. एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात. आवारात दोन इमारती असतील तर मधली जोडणी फायबरची करा. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठे कोसळली तरी तांब्याच्या तारेवरून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे स्विच जातात. रॅकचं अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंगचा रोध वाढतो, तेव्हा खड्ड्यात पाणी घालण्याची जबाबदारी कुणाची ते आत्ताच ठरवा.

जोडणीसाठी तारांच्या रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच, बी (T568B). तारांच्या जोड्यांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. झिप टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो वापरा. दोन्ही टोकांना नंबर.

टेस्टिंग: दिव्यांच्या टेस्टरवर तार जोडली आहे एवढंच कळतं, ती वेग पेलेल की नाही ते कळत नाही. सर्टिफाय करणारं यंत्र गावात नसेल तर तारीख आधीच घेऊन ठेवा, सीलिंग बंद होण्याच्या आधीची.

उंदीर-खारींसाठी पाइपांची तोंडं बुजवा, दोरीचं टोक बाहेर ठेवून. रॅकला हवा. यूपीएस वेगळा. सीलिंग लागण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पाइपांचे फोटो. प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.