शेवटच्या बाकावरची वही फळ्यावर कशी आणावी? वायरशिवाय स्क्रीन शेअरिंग

ठाण्यात घोडबंदर रोडजवळच्या एका शाळेत मी दहावीला भूमिती शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण माझं वर्गात फिरणंच थांबलं. लॅपटॉपला वायर, म्हणून मी टेबलापाशी, आणि ज्या मुलांना माझी खरी गरज ती मागच्या बाकांवर. वायरशिवाय स्क्रीन दाखवायला मी शिकले ती या मुलांसाठी.

आधी आपला फोन कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा. वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या बटणांत सॅमसंगला 'स्मार्ट व्ह्यू' असतं, इतर अनेक फोनना 'कास्ट'. मिराकास्ट ही 2012 पासूनची पद्धत. तिच्यात फोन थेट डोंगलशी, म्हणजे प्रोजेक्टरला लावायच्या छोट्या उपकरणाशी, बोलतो, इंटरनेट लागत नाही, राउटरही नाही. शाळेचं नेट रडतखडत चालत असेल तर हीच घ्या. आयफोनवर मात्र ती चालत नाही, त्याला ॲपलची स्वतःची पद्धत, एअरप्ले, लागते. गूगल कास्टसाठी साधारणपणे फोन आणि डोंगल एकाच वायफायवर हवेत. विंडोज लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबली की जवळपासच्या स्क्रीनची यादी येते.

डोंगल घेताना वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा चालतो का, हे विचाराच. आमच्याभोवती उंच इमारतीच इमारती, घरोघरी वायफाय. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर इतकी गर्दी होते की चित्र अडखळतं.

डोंगल प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये लावा, पण वीज प्रोजेक्टरच्या यूएसबीतून घेऊ नका. तिथून बऱ्याचदा 500 मिलिअँपिअरच मिळतात आणि डोंगल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. मोबाइलचा चांगला चार्जर वापरा. डोंगलचं नाव बदलता येत असेल तर 'दहावी ब' असं काही ठेवा, नाहीतर शेजारच्या वर्गात तुमची आकृती उमटेल. पिनची सोय असेल तर तीही चालू करा.

जोडण्याआधी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. घरचा एखादा खासगी मेसेज साठ मुलांसमोर झळकायला क्षणही पुरतो.

आता कॅमेरा उघडा, फोन आडवा धरा आणि मागे जा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय सोडवताना एखाद्या मुलीने समांतर रेषा वेगळ्याच बाजूला काढली असेल, तर तिची वही सगळ्यांना दाखवून 'हिने असं का केलं असेल?' असं विचारता येतं. छापील आकृतीवर अशी चर्चा मी कधी घडताना पाहिली नाही. पण वही दाखवण्याआधी तिला हळूच विचारा, आणि ती नाही म्हणाली तर पुढच्या बाकाकडे वळा. चूक दाखवताना नाव, चेहरा नको, फक्त कागद. चित्र क्षणभर उशिरा उमटतं, म्हणून पेन दाखवून थोडं थांबा, मग बोला.

शाळेच्या वायफायवर असूनही फोनला स्क्रीन सापडत नसेल, तर बहुधा राउटरवर उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी 'आयसोलेशन' सेटिंग चालू असते. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर तर ती बऱ्याचदा असते. संगणकाच्या सरांना नेमका हाच शब्द सांगा.

तास संपला की 'डिस्कनेक्ट' दाबूनच वर्गाबाहेर पडा. दारापर्यंत जाईस्तोवर जोडणी तुटत नाही.